डब्यावरचा हात

३ नोव्हेंबर, सोमवार

परत नापास! दुसऱ्यांदा. ऑडिओबुकवाल्यांची मेल आली – आवाज छान, वाचन छान, पण मागे सतत गुणगुण ऐकू येते, महिनाअखेरपर्यंत नवा नमुना पाठवा. गुणगुण कसली, चांगला घूं आहे तो. मी वाचत असते तोवर दबून बसतो आणि वाक्य संपलं की डोकं वर काढतो. घूंऽऽऽ.

आता आणखी काय करायचं? कोठीच्या खोलीतले डाळी-तांदळाचे डबे बाहेर काढले आणि मी आत शिरले. तीन भिंतींना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंगलमावशींनी शिवलेल्या गोधड्या टांगल्यात, चौथीला गादी उभी केलीय. लॅपटॉपचा पंखा वाजतो म्हणून लॅपटॉप आणि इंटरफेस दाराबाहेर टेबलावर. माइकची केबल दाराखालून आत. शनिवार-रविवारी अख्खी मुंबई लोणावळ्यात हॉर्न वाजवत असते, तेही आत येत नाही. घाट चढणाऱ्या मालगाडीची शिट्टीही नाही. बाहेरचं सगळं थोपवलं आणि हा घरातलाच निघाला!

ह्या वेळी नापास झाले तर कादंबरी दुसऱ्या कुणाकडे जाणार. एवढं मोठं काम पहिल्यांदाच दाराशी आलंय. आतापर्यंत काय, चिक्कीच्या जाहिराती आणि कुणाच्या तरी प्लॉटिंगच्या.

४ नोव्हेंबर

आवाजवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं – कुठला इंटरफेस घेऊ? झालं! दिवसभर मोबाइल थरथरतोय. माइकचा आवाज कम्प्युटरला समजेल असा करून देणारा एक वीतभर डबा, पण माणसं त्याच्यावरून भांडतात किती! ज्यानं जो घेतलाय तो जगात भारी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. एकानं मात्र लिहिलं, "आधी घराचं अर्थिंग बघ."

श्रीयशला साणंदला फोन केला. "वायरिंग आपल्या लग्नाआधीच नवं केलंय. तिथं काही नाही. स्वस्तातला डबा घेतलास, दुसरं काय." नवरा इंजिनिअर असला की विषय तिथंच संपतो.

७ नोव्हेंबर

काळा डबा आला. चार लोकांनी शपथेवर सांगितलेला. जोडला, माइक बारीक आवाजही उचलेल इतका गेन वाढवला, हेडफोन लावला –

घूं.

९ नोव्हेंबर, रविवार

काळा डबा परत पाठवला. पुन्हा आपला जुना लाल डबा.

सुहासचा फोन. कॉलेजात आम्ही एकत्र नाटकं केली, आता त्याचा कोथरूडला स्टुडिओ आहे. म्हणाला, "माझी छोटी खोली रिकामीच आहे. माहेरी राहा, इथं येऊन वाच. घूं नाही, घा नाही." किती सोपं! आई-बाबांचं घर तिथून चालत जाण्यासारखं आहे. आठवड्यातून एकदा लोणावळ्याला चक्कर मारली की झालं.

झालं कसं? इथं सासूबाई एकट्या राहतील. श्रीयशची दोन वर्षांसाठी गुजरातेत साणंदला बदली झालीय, सासरे जाऊन तीन वर्षं झाली. श्रीयश म्हणतो, "तू ठरव, पण आईला तूच सांग." म्हणजे ठरवायचंही मी आणि वाईटही मीच व्हायचं. सांगितलं नाही. नमुना पास झाला तर सांगायची वेळच यायची नाही.

आईंना वाईट वाटेल का, तेही कळत नाही. चोवीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. माझ्याशी बोलतात ते बहुतेक माझ्या चुका काढायला.

१३ नोव्हेंबर

सॉफ्टवेअरनं घूं पुसून पाहिला. गेला! पण माझा आवाजही हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा झाला. आईंनी जाता जाता ऐकलं. "सर्दी झाली का?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज एक अजबच झालं. लिहून ठेवते, नाही तर उद्या माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

टेबलाशी बसून कानाला हेडफोन लावून घूं ऐकत होते. छंदच लागलाय. आई देवपूजा उरकून तशाच अनवाणी आल्या, हातात धूळ पुसायचं फडकं. "काय हा पसारा," म्हणत त्यांनी लाल डबा उचलला. आणि घूं बंद! ठेवला – चालू. मी ओरडलेच, "आई, हात लावा! परत लावा!" त्यांना वाटलं मला शॉक बसला.

हात लावला – बंद. काढला – घूं. लावला – बंद. आम्ही दोघी वेड्यासारख्या तेच करत बसलो. मग मी हात लावला तर काहीच फरक नाही! पायात लोकरीचे मोजे, खाली सतरंजी. मोजे काढून फरशीवर उभी राहिले, घूं गेला. आईंनी सपाता घातल्या, घूं आला. (डॉक्टरांनी त्यांना घरातही सपाता घालायला सांगितल्यात, गार फरशीनं टाचा दुखतात.) म्हणजे अनवाणी माणूस हवा, आणि त्याचा हात डब्यावर हवा.

पण वाचणारी मी दाराच्या आत आणि डबा दाराच्या बाहेर. माझा हात काही एवढा लांब नाही. डब्यापासून नळाला वायर बांधून पाहिली. नळ प्लास्टिकचे!

आई म्हणाल्या, "मी बसते की."

२० नोव्हेंबर

नमुना पाठवला. दहा मिनिटांचं वाचन, तेवढा वेळ आई स्टुलावर, पाय फरशीवर, हात डब्यावर. पाटल्या वाजायला लागल्या म्हणून माझं केसांचं रबर लावून त्यांनी त्या कोपराकडे आवळून ठेवल्या. एकदा शिंक आली ती पदरात गिळली.

२४ नोव्हेंबर

पास!!!

कादंबरी माझी! मिरजेतली खाणावळ, ती चालवणाऱ्या दोन जावा, एकमेकींचं तोंड बघत नाहीत आणि एकमेकींशिवाय भाकरी थापता येत नाही. चांगली जाडजूड आहे, फेब्रुवारीपर्यंत पुरेल. आईंना सांगितलं. म्हणाल्या, "मग रोज बसावं लागेल," आणि भाजी चिरायला गेल्या. खुश होत्या की वैतागल्या होत्या, देव जाणे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईंचा उपास, पूजा, पोथी. रेकॉर्डिंग बंद.

२ डिसेंबर

गाडी रुळावर आलीय. जेवणं झाली की आई बाहेर, मी आत. लाल बटण दाबून सुरू करायचं आणि थांबवायचं कामही आता त्यांच्याकडे. नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून त्यांनी हेडफोन मागितला. म्हणजे मी आत जे वाचते ते सगळं त्यांच्या कानात.

आज मंगलमावशी भांडी घासायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बया! मावशी, तुमी काय इमान चालिवताय व्हय?" आईंनी तोंडावर बोट ठेवलं. मग मंगलमावशींनीही तोंडावर बोट ठेवलं आणि भांडी न घासता अर्धं प्रकरण दाराला कान लावून ऐकलं. जाताना म्हणाल्या, "त्या धाकलीचं काय खरं न्हाई. लय तोंडाळ हाय."

"थोरलीही काही कमी नाही," आई म्हणाल्या.

५ डिसेंबर

आज तीनदा टकटक. आई दारावर टकटक करतात म्हणजे मी चुकले. "'जरा' परत घे. इथं जरा म्हणजे म्हातारपण. तू थोडंसंवाला ज म्हटलास." बरोबर होतं. दुसऱ्यांदा, "ही ओळ रागानं नको. थोरली दमलीय, रागावलेली नाही." तेही बरोबर होतं! तिसऱ्यांदा, "पाणी पी, जीभ कोरडी पडलीय."

बरोबर असतं त्याचाच जास्त राग येतो.

१० डिसेंबर, बुधवार

आज डोकं फिरलं. सकाळी आवाज मस्त लागला होता, पण आईंची भिशी. दुपारी आल्या तर गुडघा धरलेला, जरा आडव्या झाल्या. चार वाजता बसलो. उद्या परत गुरुवार. माझं काम आहे की ह्यांच्या पंचांगातली रिकामी जागा!

मध्येच सुहासचा फोन आला. "आई, पाच मिनिटं थांबू," असं ओरडले आणि आतच दार लावून बोलले. त्याच्याकडे जाऊन यायचं ठरवलंय. सोमवारी.

११ डिसेंबर, गुरुवार

पूजा चालली होती म्हणून कालचं एडिट करायला बसले. सुहासचा फोन आला तिथं वाचन थांबलं आणि फाइल पुढे चालूच! आईंनी बटण दाबलंच नव्हतं. आणि त्यात मी, अगदी स्वच्छ, घूं नाही की काही नाही –

"इथं नाही रे जमत. त्यांचा उपास, त्यांची भिशी, त्यांचा गुडघा, ह्यातून उरलं तर माझं काम. वर प्रत्येक ओळीला मास्तरीण टकटक करते. जानेवारीपासून तुझ्याकडेच येते. नाही, त्यांना अजून सांगितलं नाही."

घूं नव्हता म्हणजे आईंचा हात डब्यावर होता. हात डब्यावर म्हणजे हेडफोन कानावर.

काल बाहेर आले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "चहा टाकू?" आणि चहात आलं जास्त घातलं, मला लागतं म्हणून. मी तो चहा प्यायले! लाज वाटली. इतकी की पूजेच्या आरतीला उभी राहिले तर मान वर करता येईना.

फाइलचा तो तुकडा पुसला. काय उपयोग?

१२ डिसेंबर

वाटलं होतं आज बसणार नाहीत. बसल्या. टकटक एकदाही नाही. दोन ठिकाणी मी चुकले ते मलाच कळलं, त्यांना तर कळलंच असणार. मी बाहेर येऊन म्हटलं, "आई, परवा..." त्या म्हणाल्या, "उद्या डाळ भिजत घालायचीय, आठवण कर."

१५ डिसेंबर, सोमवार

पुण्याला जाऊन आले. निघताना सांगितलं, "सुहासचा स्टुडिओ बघायला जातेय." एवढं तरी खरं सांगितलं. "जाऊन ये. स्वेटर घे," म्हणाल्या.

स्टुडिओ सुरेख आहे. जाड दार, भिंतीला स्पंज. आत उभं राहिलं की आपलाच श्वास ऐकू येतो. बाहेर काचेपलीकडे सुहासचा पोरगेला असिस्टंट मोबाइल बघत होता. दोन पानं वाचली. उत्तम झाली. कुणी टकटक केलं नाही.

सुहासकडे राखाडी डबा आहे, माझ्या लाल डब्याच्या चौपट भारी. म्हणाला, "हा घे. ह्याचं आतलं काम इतकं चांगलं आहे की घूंबीं काही येणार नाही. मग कदाचित तुला माझ्याकडे यायलाही नको." मागवून टाकला. हा शेवटचा. जमलं तर लोणावळा, नाही तर पहिल्या तारखेपासून कोथरूड.

१७ डिसेंबर

आई बसल्या. फरशी बर्फासारखी. सकाळी दवात अंगण भिजलेलं असतं. मी म्हटलं, "टाचा दुखतील, थोडा वेळ सपाता घाला, मी थांबते." म्हणाल्या, "घूं येईल. वाच तू."

हळूहळू टकटक परत सुरू झाली. आज दोनदा.

२३ डिसेंबर

अकरावं प्रकरण. थोरली आजारी पडते आणि धाकटी तिला रागारागानं पेज भरवते. बाहेरून टकटक नाही. दार उघडलं तर आई डाव्या हातानं डोळे पुसत होत्या, उजवा डब्यावर. मला म्हणाल्या, "परत घे. रडत वाचलंस, ऐकणाऱ्याला रडायला जागाच नाही ठेवलीस."

परत घेतलं. नमुन्याच्या दहा मिनिटांपेक्षाही चांगलं झालं. हे सुहासच्या काचेच्या आत झालं नसतं, असं मनात आलं. पण कोथरूडचं अजून रद्द केलेलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

राखाडी डबा आला! आई देवळात गेल्या होत्या. जोडला. माइक चालू. गेन वाढवला. आणखी वाढवला. पूर्ण!

काही नाही. घूं नाही! डब्याला कुणाचाही हात नाही, पायात माझे मोजे, आणि शांत. उगाच का लोक चौपट पैसे मोजतात! सुहासला तिथल्या तिथं फोन केला – येत नाही मी. इथंच जमलं.

आई आल्या तेव्हा पळतच गेले. म्हटलं, "आई, मी पुण्याला जाणार होते कामासाठी. आता नाही जात." पहिल्यांदा तोंडानं बोलले. त्या चपला काढत होत्या, एका हातानं भिंतीला धरून तशाच उभ्या राहिल्या. "नाही जात?" म्हणाल्या. "नाही. नव्या डब्यात घूंच नाही! आणि आता तुम्हालाही बसायला नको रोज रोज."

"बरं झालं," म्हणाल्या. "टाचा सुटल्या माझ्या." केसांचं रबर आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

सगळ्यांचंच भलं झालं. आज फार बरं वाटतंय.

२ जानेवारी

एकटीनं वाचते. बटण दाबून आत पळायचं, वाचायचं, बाहेर पळायचं. पण वेळ माझा! सकाळी दहालाच सुरुवात.

७ जानेवारी

तेरावं प्रकरण ऑडिओबुकवाल्यांकडून परत आलं. सात चुका. एक तर अख्खी ओळ गाळलीय! असं आजवर एकदाही झालं नव्हतं. आईंना सांगितलं नाही.

जेवताना त्यांनी विचारलं, "धाकटीनं खाणावळ विकली का गं?" मी म्हटलं, "फाइल पाठवते मोबाइलवर, ऐका." "नको. मोबाइलवर नको," म्हणाल्या आणि ताट उचललं. दुपारी खोलीत त्यांचा टीव्ही चालू असतो, अगदी हळू. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून.

१२ जानेवारी, सोमवार

गीझर बंद पडला म्हणून कुरवंड्याहून कैलास आला. आमच्या घराची विजेची कामं तोच करतो. आई बाजारात गेल्या होत्या. काम उरकून टेबलाकडे बघत म्हणाला, "ताई, मशीनचं घूं बंदच हाय ना आता?"

"हो, नवा डबा घेतला ना."

"नव्या डब्याचं न्हाई ओ. अर्थिंगचं इचारतोय." मी विचारलं, "कसलं अर्थिंग?" "तुमी पुन्याला गेलता बगा त्या दिशी. मावशींनी सकाळीच फोन केलता. म्हनल्या, सूनबाईच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येत्यात, पोरीला काय व्हायच्या आत येऊन बग. मागं जाऊन बगतो तर अर्थिंगची पट्टी गंजून पार तुटल्याली. वायरिंग नवं, पट्टी तीच जुनी! नवा खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरलं. मावशींनी ते कानाला लावून सोता ऐकलं. हात लावून बगितला, काढून बगितला. 'गेला रे घूं' म्हनल्या. लय खूश झाल्या. मला दडपे पोहे दिले."

तो गेल्यावर कपाटातून जुना लाल डबा काढला. जोडला. हात न लावता ऐकला. काही नाही. दोष डब्यात कधी नव्हताच.

मी पुण्याहून आले त्या दिवसापासून राखाडी डबा येईपर्यंत आई रोज दुपारी त्या गार फरशीवर पाय ठेवून बसल्या. गरज नसताना. त्यांना ठाऊक होतं घूं गेलाय ते. सांगितलं असतं तर मी म्हणालेच असते, आता तुम्ही बसायला नको. म्हणालेच की मी!

आई बाजारातून आल्या. पिशवी घेतली हातातून.

१३ जानेवारी, मंगळवार

जेवणं झाल्यावर आईंच्या खोलीत जाऊन म्हटलं, "आई, घूं परत आलाय."

वर्गात थाप मारणाऱ्या मुलीकडे बघतात तसं बघितलं माझ्याकडे. मग टीव्ही बंद केला. "येणारच. नव्या डब्यांचा काय भरवसा!" म्हणाल्या. स्टुलावर येऊन बसल्या आणि सपाता काढायला वाकल्या.

"राहू द्या पायात," मी म्हटलं. "फरशी गार आहे."

आई तशाच वाकलेल्या थांबल्या. मग सरळ झाल्या, हेडफोन लावला आणि सपातांसकट बसून डब्यावर हात ठेवला.